दोघी जावा आणि नाशिकचे डोंगर

आमच्या घरात डोंगरावर जायचं ते फक्त देवासाठी. वणीला जायचं तर नांदुरीवरून गाडीने वर, नाहीतर श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी, ती सासूबाई होत्या तोवर त्या करायच्या. नुसतं चढायचं म्हणून चढायचं, वर बसून डबा खायचा आणि परत यायचं हे आमच्याकडे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. मी सीएच्या ऑफिसात कामाला, दिवसभर खुर्चीत, रिटर्न भरायच्या दिवसांत तर घरी यायला रात्र होते, आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, त्यांना मी ताई म्हणते, त्या घर सांभाळतात. पाथर्डी फाट्याजवळ एकच घर, खाली त्या आणि वर आम्ही. माझी मुलगी शिकायला पुण्याला गेली, सकाळच्या डब्याची घाई संपली, तेव्हा ताईच म्हणाल्या, "अगं पांडवलेणीला जात जाऊ सकाळी, दोघी मिळून." एवढ्यावरच सगळं सुरू झालं. आता साल्हेर किल्ल्यावर जाऊन आलो तेव्हा वाटलं की हे कसं कसं होत गेलं ते लिहून ठेवावं, कारण डोंगराने काय दिलं हे मला वर पोचल्यावर कधी कळलं नाही, ते हळूहळू मागाहून कळत गेलं.

पांडवलेणीचा डोंगर आमच्या इथून इतका जवळ की रोज दिसतो म्हणून कधी बघितलाच नव्हता. पायऱ्या चांगल्या बांधलेल्या आहेत, सकाळी भरपूर लोक असतात, बायका एकट्याही जातात. तरी सुरुवातीला माझी अर्ध्या चढात छाती भरून यायची, कानात ठोके ऐकू यायचे. मी भरभर चढायचे, मग थांबायचे, मग परत भरभर. ताई मात्र एकाच चालीने, जराही न थांबता, माझ्या मागून यायच्या आणि माझ्या आधी वर असायच्या. त्या म्हणाल्या, "चढताना बोलता आलं पाहिजे. बोलता येईना झालं की पाय आवरायचा." त्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं. नंतर मला कळलं की व्यायाम शिकवणारे लोक हेच सांगतात, दोन वाक्यं सलग बोलता येतील इतकाच वेग ठेवला तर स्नायूंना लागणारा ऑक्सिजन पुरतो आणि माणूस तासन् तास चालू शकतो, त्याच्या वर गेलं की पाय भरून येतात आणि थांबावंच लागतं. मग आम्ही बोलत बोलत चढायला लागलो. आणि खरं सांगते, इथेच पहिली गोष्ट झाली. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही दोघी कामापुरत्या बोलायचो, गॅस बुक केला का, पाहुणे किती, दूधवाल्याचे पैसे दिले का. चढावर ते विषय दोन दिवसांत संपतात. मग दुसरे निघतात.

तिथे लेणं क्रमांक ३ मध्ये गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. सातवाहनांची राणी, गौतमीपुत्र सातकर्णीची आई. मुलाच्या पश्चात तिने त्याचा पराक्रम दगडात कोरून घेतलाय, त्यात त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असं लिहिलंय. ब्राह्मी लिपी आम्हाला वाचता येत नाही पण एका सकाळी मी ताईंना याचा अर्थ सांगितला तर त्या बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या आणि मग उतरताना पहिल्यांदा त्यांच्या आईबद्दल बोलल्या, सगळ्या उतरणीभर.

ताईंचं माहेर पेठ तालुक्यात. हे मला माहीत होतं म्हणजे लग्नपत्रिकेत वाचलं होतं इतकंच. त्यांचं लहानपण गुरांमागे डोंगरात गेलं हे मला रामशेज किल्ल्यावर कळलं. रामशेज पेठ रोडलाच आहे, आशेवाडीतून वाट जाते, शहरापासून अर्ध्या तासात पोचतो, चढ सोपा, पांडवलेणीनंतर हाच करावा असं मी सगळ्यांना सांगते. लग्न झाल्यापासून ताई एसटीने माहेरी जाताना याच गडाखालून जायच्या, येताना रडत, जाताना आनंदात, पण वर कधी गेल्या नव्हत्या. किल्ला दिसायला केवढासा, आणि संभाजी महाराजांच्या काळात, १६८२ पासून पुढे, औरंगजेबाच्या एवढ्या मोठ्या फौजेला त्याने पाच वर्षांहून जास्त झुंजवलं, वर धड तोफा नव्हत्या तर लाकडाच्या करून त्यावर चामडं चढवून डागल्या असं सांगतात. वर गेल्यावर ताईंनी पश्चिमेकडे हात केला आणि सांगायला लागल्या, तो सावळ घाट, त्याच्या पलीकडे आमचा पाडा, वडील हिरड्याचं ओझं डोक्यावर घेऊन बाजाराला कुठून निघायचे, नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळून राब कुठे भाजायचे. मी पुस्तकातला इतिहास सांगत होते आणि त्या जमिनीचा, आणि त्यांचा ऐकताना मला माझाच जिल्हा पहिल्यांदा भेटत होता.

डोंगरात त्या माझ्यापेक्षा कितीतरी शहाण्या आहेत हे मग पदोपदी दिसायला लागलं. वाट फुटली की मी मोबाईल काढते, त्या खाली बघतात. ढोरवाट आणि माणसांची वाट कशी ओळखायची ते त्यांनी मला शिकवलं. ढोरवाट चाऱ्याकडे नाहीतर पाण्याकडे जाते आणि गवतात विरून जाते, तिला दहा फाटे फुटतात, माणसाची वाट कुठेतरी पोचायचं म्हणून जाते, तिच्यावरचे दगड घासून गुळगुळीत झालेले असतात. आणि शंका आली की पुढे रेटायचं नाही, शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत मागे यायचं. करवंदं, तोरणं, अळू कधी पिकतात, कोणत्या झुडपाला हात लावायचा नाही, कड्याला आग्या मोहोळ लटकत असेल तर खाली धूर करायचा नाही, अत्तर-परफ्यूम मारून यायचं नाही, मोठ्याने ओरडायचं नाही. घरात हे सगळं कोणाला सांगणार होत्या त्या? आमच्या घरात त्या म्हणजे पुरणपोळी छान करणाऱ्या, बास. डोंगरावर मी त्यांच्या मागे चालते आणि त्या म्हणतील तिथे पाय ठेवते, त्यामुळे घरातही आमचं नातं बदललं, कोणी काही न ठरवता.

अंजनेरी आम्ही पावसाळ्याच्या शेवटी केला आणि नंतर बऱ्याच वेळा केला. त्र्यंबक रोडने अंजनेरी गावातून आत गेलं की वनखात्याची चौकी, मग कातळातल्या घळीतून पायऱ्या, वाटेत जैन लेणी, वर आल्यावर एकदम मोठं पठार, अंजनीमातेचं मंदिर, मग तळं आणि तिथून पुढे परत एक चढ. साधारण १३०० मीटर उंची. भाद्रपदात त्या पठारावर पाय कुठे ठेवावा असं होतं, सोनकी, तेरडा आणि कितीतरी बारकी फुलं. त्यातच ते कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, या डोंगराच्या नावावरूनच त्याचं नाव ठेवलंय. फूल बोटाच्या पेराएवढं, गवतात शेजारी उभं राहूनही दिसत नाही. ते बघायला गर्दी होते आणि बघणाऱ्यांच्या पायाखालीच बाकीची रोपं मरतात, म्हणून आम्ही मळलेली वाट सोडत नाही, वाटेवरून जेवढं दिसेल तेवढं आमचं.

आणि गिधाडं. अंजनेरीच्या कड्यांमध्ये लांब चोचीची गिधाडं घरटी करतात, कड्यावर पांढरे ओघळ दिसतात तिथे समजायचं की त्यांची बसायची जागा. ताई म्हणाल्या की लहानपणी जनावर मेलं की आभाळ भरून गिधाडं यायची, मग कधीतरी ती दिसेनाशीच झाली आणि आम्हाला कोणी कारण सांगितलं नाही. कारण डायक्लोफेनॅक, गुरांना दुखण्यावर द्यायचं औषध, ते टोचलेलं जनावर मेल्यावर गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या निकामी व्हायच्या. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. हे मी तिथे बसून त्यांना सांगितलं. थोड्या वेळाने एक गिधाड आमच्या पायाच्या खालून, म्हणजे कड्याच्या खालच्या बाजूने, पंख न हलवता तरंगत गेलं, आम्हाला त्याची पाठ दिसली. पक्ष्याची पाठ वरून बघायला मिळणं ही गोष्ट मला सपाट जमिनीवर कुठेच मिळाली नसती.

तिथून अजून एक दिसतं. पश्चिमेला काळंभोर, पाऊस चालू, आणि पूर्वेला नाशिकच्या अंगाला ऊन. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि शहरात सातशेच्या आसपास, अंतर किती तर तासाभराच्या गाडीचं. शाळेत पर्जन्यछायेचा प्रदेश पाठ केला होता, इथे तो डोळ्यांनी दिसतो. याच त्र्यंबकच्या रांगेत गोदावरी उगम पावते आणि पूर्वेला जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, आणि याच रांगेतून वैतरणा निघते ती पश्चिमेला अरबी समुद्राला जाते. एकाच डोंगरावरचं पाणी, कोणत्या बाजूला पडलं त्यावर दोन समुद्र. मला त्या दिवशी इतकं भरून आलं की काय सांगू, रोज नळाला येणारं पाणी कुठून येतं हे मला या वयात समजत होतं.

आता उतरण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण आमच्या वयाच्या बायका गुडघ्यांमुळे घाबरतात. चढताना दम लागतो पण त्रास खरा उतरताना होतो. मांडीचे पुढचे स्नायू उतरताना शरीराचा भार धरून धरून सैल सोडत असतात, ताणले जात असताना जोर लावतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात. ते दुखणं चार-पाच दिवसांत जातं आणि पुढच्या वेळी कमी होतं कारण स्नायू शिकतात. गुडघ्यात चमक आली किंवा सूज आली तर ते वेगळं, तिथे डॉक्टरला दाखवायचंच. आम्ही उतरताना पावलं छोटी टाकतो, गुडघा किंचित वाकलेला, टाच आपटायची नाही, घसाऱ्यावर आडवं आडवं उतरायचं आणि दोघींकडे एकेक काठी. ताईंची बांबूची, माझी दुकानातली. बूट चांगल्या ग्रिपचे घेतले, खर्च तेवढाच मोठा झाला. बाकी पाणी माणशी तीन लिटर, मीठ-साखर-लिंबू, गूळ-शेंगदाणे, टॉर्च, शिट्टी. मार्चनंतर टाक्यांच्या पाण्यावर विसंबायचं नाही, खाली गावात विचारून घ्यायचं.

गावातल्या लोकांविषयी तर वेगळं लिहायला हवं. पायथ्याच्या बहुतेक वाड्या-पाड्यांत आधी सांगितलं तर कोणीतरी जेवण करून देतं. नागलीची भाकरी, उडदाची डाळ, ठेचा, वर कांदा. हरिहर किल्ल्याच्या पायथ्याला एक मावशी आहेत, आता त्या फोन न करता गेलं तर रागावतात. त्यांच्या चुलीपाशी बसून ताई शेतीचं बोलतात, वरई कशी आली, पाऊस कधी उघडला, आणि मी ऐकते. ट्रेकचे पैसे गाडीत आणि बुटात जातात तसे या घरांतही गेले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

हरिहर. याची मला फार भीती होती. फोटोत त्या पायऱ्या बघूनच पोटात गोळा यायचा, जवळजवळ सरळ उभा कातळ आणि त्यात कोरलेल्या पायऱ्या. ताई म्हणाल्या जाऊ, पण रविवारी नको, गर्दीत तिथे वर जाणारे आणि खाली येणारे एकाच पायरीवर अडकतात. म्हणून मी सुट्टी टाकली आणि आम्ही निरगुडपाड्यातून पहाटेच निघालो. पायऱ्यांच्या दोन्ही कडांना हात अडकवायला खोबण्या कोरलेल्या आहेत, किती विचार केलाय त्या माणसांनी, बोटं बरोबर बसतात. नियम एकच, दोन हात दोन पाय यातले तीन पक्के, मग चौथा हलवायचा. ताई पुढे, मी मागे. मधे एका जागी माझे पाय थरथरायला लागले तर ताई मागे न बघता म्हणाल्या, "थांब तिथेच, श्वास घे, घाई कोणालाय." थांबले. कातळ कपाळाला गार लागत होता. मग थरथर गेली आणि मी पुढची खोबण धरली. वर दरवाजा, मग कातळाच्या पोटात कोरलेला आडवा रस्ता, तिथे जरा वाकून जावं लागतं, मग परत पायऱ्या, आणि मग माथा. वर पाण्याची टाकी, हनुमान आणि महादेव, एक दगडी कोठी, आणि समोर भास्करगड, उतवड, ब्रह्मगिरी. १८१८ मध्ये त्र्यंबकगड पडल्यावर जे किल्ले इंग्रजांच्या कॅप्टन ब्रिग्जच्या हाती गेले त्यात हा होता. अलंग-मदन किल्ल्यांच्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या, इथल्या राहिल्या, आणि म्हणून आम्ही दोघी तिथे उभ्या होतो. उतरताना कातळाकडे तोंड करून, शिडी उतरतो तसं.

भीती गेली असं मी म्हणणार नाही, उंचीची भीती अजून आहे आणि ती असावी. पण भीती वाटत असतानाही हात जागेवर राहतात हे मला हरिहरने दाखवलं, आणि हे मी ऑफिसात वापरते. शेवटच्या तारखेला साइट बंद पडते, क्लायंट फोनवर ओरडतो, तेव्हा मी आधी एका जागी थांबते, श्वास घेते, मग पुढची एंट्री. आमच्या ऑफिसातल्या मुली म्हणतात मॅडम तुम्ही हल्ली चिडत नाही. झोपही सुधारली, डोंगरावरून आलेल्या रात्री तर गाढ. पाठ जी कायम धरलेली असायची ती मोकळी झाली. फिजिओथेरपीच्या बाईंनी विचारलं काय करताय, म्हटलं चढते.

कळसूबाई थोडक्यात सांगते कारण त्याविषयी खूप लिहिलं जातं. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, घोटीवरून बारी गाव, लोखंडी शिड्या, वर देवीचं छोटं मंदिर. वाटेवर सावली फार कमी म्हणून आम्ही अंधारात चढायला लागलो. वर थंडी वाजते ती खरीच, दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, शिवाय वारा, म्हणून विंडचीटर हवाच. ताईंनी देवीची ओटी भरली. धोडप मात्र मला कळसूबाईपेक्षा जास्त आवडला. हट्टी गावातून चढायचं, माथ्यावर कातळाची अखंड भिंत आणि तिला मधेच एक चौकोनी खाच, लांबून हायवेवरूनही ओळखू येते. लाव्ह्याचे थर साचून हे सगळे डोंगर झाले, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि त्या थरांना पडलेल्या भेगांत नंतर घुसून घट्ट झालेला लाव्हा म्हणजे अशा भिंती, आजूबाजूचं झिजून गेलं, ही राहिली. इथेच १७६८ मध्ये माधवराव पेशव्यांनी रघुनाथरावांना हरवलं, काका-पुतण्यांची लढाई. ताई म्हणाल्या, "घरातली भांडणं अशीच वाढतात गं, वेळेवर बोलत नाहीत म्हणून." त्यानंतर खाचेपाशी बसून आमच्या घराच्या वाटणीचा विषय, ज्याच्यावर दोघे भाऊ कित्येक महिने गप्प होते, तो आम्ही दोघींनी बोलून संपवला. खाली येऊन दोघांना सांगितलं, त्यांनाही सुटल्यासारखंच झालं.

साल्हेर या हिवाळ्यात झाला. १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, सटाणा-ताहराबादवरून जायचं, आम्ही आदल्या रात्री वाघांबे गावात मुक्काम केला. पहाटे साल्हेर आणि सालोटा यांच्या खिंडीत आलो तेव्हा उजाडत होतं. १६७२ ला याच डोंगराखाली मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं, मराठ्यांचे सरदार सूर्याजी काकडे इथे पडले. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले त्यात साल्हेर आहे. चढ लांब आहे, दरवाज्यांमागून दरवाजे, पण आम्हाला दोघींना त्या दिवशी कुठेही दम लागला नाही. बोलत होतो. परशुरामाच्या मंदिरापाशी पोचलो, समोर मांगी-तुंगीचे सुळके आणि सेलबारी-डोलबारीची सगळी रांग, पलीकडे गुजरातच्या डांगचं जंगल. ताईंनी एकेका डोंगराकडे बोट करून विचारलं आणि मी नावं सांगितली, जी मी घरी नकाशा बघून पाठ करून आले होते, आणि मला आठवलं की रामशेजवर हेच उलट होतं, तिथे त्या सांगत होत्या. आता गच्चीवर कपडे वाळत घालतानाही आम्ही दोघी तेच करतो, हवा स्वच्छ असली की कोण कुठे दिसतंय ते बघतो.

पुढच्या थंडीत रवळ्या-जावळ्याचा किल्ला करायचाय आणि जमलं तर मार्कंड्या किल्लाही त्याला जोडून. मुलगी म्हणते मी पण येते, तिला आधी सुट्टीत रामशेज करून आणणार. ताईंनी त्यांच्या भाच्याला गाडीचं सांगून ठेवलंय. आता खालच्या वाडीत फोन लावून टाक्यांमध्ये पाणी कुठपर्यंत राहतं तेवढं विचारायचं बाकी आहे.